आयर्विन पुलाखालून गेलेलं पाणी

ऑगस्टमध्ये सांगलीत कोणी कोणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आयर्विनला पाणी किती?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची किती. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि तो आकडा गावातल्या कित्येक भिंतींवर अजून रेघेनं दिसतो. पाणी उतरलं की चौकशीही थांबते. एवढं पाणी पुढे कुठं गेलं, जाताना काय घेऊन गेलं आणि जिथं पोचलं तिथं त्यानं काय केलं, हे फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते सागरविज्ञानातल्या पीएच.डी.ची सुरुवात नेमकी याच प्रश्नापासून व्हायला हवी.

कारण सातारा-सांगलीच्या कॉलेजांत एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींपुढं समुद्राचा विषय काढला की उत्तर येतं, “पण आपल्याकडं समुद्र कुठं आहे?” समुद्र आहे, आणि एक नव्हे, दोन आहेत. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांची नावं घेतात. त्यांतली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातली सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. कोयनेची गोष्ट तर माणसानं घडवलेली आहे. नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, पण शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पोफळीकडं सोडून त्यावर वीज करतात. ते पाणी वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं या पश्चिमेकडं वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे एका जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वाशिष्ठीच्या खाडीत हे जादा गोडं पाणी आल्यानं खारेपणाची हद्द कुठवर सरकते, उन्हाळ्यात कुठं असते, त्यानं मासे आणि कांदळवन कसे बदलतात, हा एकटाच प्रश्न एका माणसाला चार वर्षं पुरेल.

दुसरा गैरसमज विषयाचा. समुद्र म्हणजे मासे, प्रवाळ आणि पाण्यात बुड्या मारणं, असं चित्र डोक्यात असतं. जीवशास्त्र हा त्यातला एक भाग झाला. लाटा, प्रवाह, समुद्र आणि हवा यांच्यातली देवघेव हे भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांचं काम. पाण्यातला ऑक्सिजन, नायट्रेट, कार्बन, धातू हे रसायनवाल्यांचं. तळाचा गाळ आणि किनाऱ्याची झीज भूगर्भ आणि भूगोलाच्या लोकांची. बंदर, धूपप्रतिबंधक बांध, लाटांचा मारा हे स्थापत्यच्या इंजिनिअरचं. बी.ई. कॉम्प्युटर झालेल्यांना उपग्रहांची माहिती आणि महासागराची संगणकी प्रारूपं मोकळीच पडली आहेत. पोहता न येणारे अनेक उत्तम सागरशास्त्रज्ञ आहेत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, गणित आणि संख्याशास्त्र कच्चं असण्यापाशी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यानं पीएच.डी.आधीचे सहा महिने पायथॉन किंवा आर या संगणकभाषांवर आणि साध्या संख्याशास्त्रावर घालवले तर पुढची दोन वर्षं वाचतात.

आता प्रश्न निवडण्याबद्दल. इथं थोडं रेंगाळतो, कारण बहुतेक पीएच.डी. बिघडतात त्या प्रयोगशाळेत नाही, इथंच. “कोकण किनाऱ्यावरील प्रदूषणाचा अभ्यास” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नाला हद्द लागते. कुठं, कधी, कशाच्या तुलनेत, आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी काही कळेल का? ही शेवटची कसोटी फार कामाची आहे.

पहिलं उदाहरण कृष्णेचंच. दख्खनचा काळा दगड कुजतो, त्याची काळी माती होते आणि त्या मातीत स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकणमाती भरपूर असते. जमीन उन्हाळ्यात तडकते ती हिच्यामुळंच. कृष्णा आणि गोदावरी ही माती हजारो वर्षं उपसागरात टाकत आल्या आहेत. समुद्रतळातून पाच-सहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ नळीनं काढला की त्यात वरून खाली काळ उलगडत जातो. कुठल्या थरात दख्खनची माती जास्त आणि कुठं पूर्वेकडच्या जुन्या खडकांची जास्त, यावरून पाऊस कुठं जोरात होता ते कळतं. दुसरीकडं, धरणांनी नदीचं पाणी आणि गाळ दोन्ही अडवले, त्यामुळं कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ फार घटला आणि त्रिभुज प्रदेशाची वाढ खुंटून काही भाग खचू लागला. साताऱ्याच्या डोंगरातली माती आणि कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवीसीमेतल्या कोळ्याच्या पायाखालची जमीन एकाच धाग्यानं बांधलेली आहेत. हा धागा मोजणारी माणसं आपल्याकडून फार थोडी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण घरबसल्या करता येणाऱ्या कामाचं. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगयंत्रं फिरत असतात. प्रत्येक यंत्र १,००० मीटर खोलीवर वाहत राहतं, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतं आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाला पाठवतं. ही माहिती फुकट आणि सर्वांना खुली असते. भारतात हैदराबादची इन्कॉइस ही महासागर माहिती संस्था ती सांभाळते. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की विट्यात बसूनही उपसागराच्या पृष्ठभागावरचा गोड्या पाण्याचा थर अभ्यासता येतो. जगाच्या समुद्रात किलोमागं सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं. अरबी समुद्राच्या मोठ्या भागात ते ३६ च्या वर असतं आणि उपसागराच्या उत्तरेला पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली जातं. हा हलका थर तेलासारखा वर बसतो, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही, उन्हाची ऊब वरच धरून ठेवतो आणि चक्रीवादळांना ती ऊब मिळते. पण इथं चुका ठरलेल्या आहेत. नवखा विद्यार्थी कच्चे आकडे घेतो आणि त्याच माहितीतला दुरुस्त आकड्यांचा स्तंभ सोडून देतो. काही यंत्रांचे संवेदक कालांतरानं क्षारता खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागतात. तो दोष दुरुस्त स्तंभातच काढलेला असतो. प्रत्येक आकड्याला दर्जाची खूण असते. १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. ती न पाहता काढलेली ‘वाढती क्षारता’ समुद्राची नसते, यंत्राची असते. शिवाय काही माहितीसंच रेखांश ० ते ३६० मोजतात, काही उणे १८० ते १८०. दोन्ही तसेच जोडले की अर्धा नकाशा गायब होतो.

तिसरं उदाहरण किनाऱ्याच्या झिजेचं, आणि या विषयातले प्रबंध सगळ्यांत जास्त एकाच कारणानं लंगडे पडतात. उपग्रहाची जुनी आणि नवी चित्रं घ्यायची, पाणी आणि वाळू यांमधली रेघ काढायची आणि किनारा किती मागं गेला ते सांगायचं, अशी ही पद्धत. लँडसॅटच्या चित्रात एक चौकट ३० मीटरची, सेंटिनेल-२ मध्ये १० मीटरची. आता कोकणात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर असतो. पुळणीचा उतार पन्नासास एक धरला तर पाणी एक मीटर चढल्यावर रेघ ५० मीटर आत सरकते. म्हणजे एक चित्र ओहोटीकडचं आणि दुसरं भरतीकडचं असलं आणि पाण्यात एवढा एक मीटरचाच फरक असला, तरी काहीही न झिजता ५० मीटर ‘झीज’ निघते. त्यात भर म्हणजे पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. म्हणून तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करायची, प्रत्येक चित्राच्या वेळेची भरतीची उंची काढून दुरुस्ती करायची आणि दोन-तीन पुळणींवर दर महिन्याला प्रत्यक्ष जाऊन उतार मोजायचा. मोजायला महागडं काही लागत नाही. खुणा केलेल्या दीड मीटरच्या दोन काठ्या, मधे ठरलेल्या लांबीची दोरी आणि समोर क्षितिज. मागच्या काठीजवळून पाहताना पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेघेत आणायचं आणि फरक वहीत लिहायचा. कराडहून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागरला पोचता येतं; सांगलीकरांना कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी जवळ. मात्र जायचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवू नका, अमावस्या-पौर्णिमेवरून ठरवा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवशी गेलात तर पाणी पुरेसं ओसरतच नाही, निम्मी पुळण पाण्याखालीच राहते.

प्रश्न सापडला की परीक्षेकडं वळायचं. सीएसआयआर-यूजीसी नेट ही फेलोशिपसाठीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाच विषयांपैकी एक आहे पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. १५० प्रश्नांतले ७५ सोडवायचे असतात. पहिल्या भागातले १५, दुसऱ्यातले ३५, प्रत्येकी दोन गुणांचे. आणि तिसऱ्यातले २५, प्रत्येकी चार गुणांचे. म्हणजे निम्मे गुण शेवटच्या २५ प्रश्नांत आहेत आणि चुकलं की गुण कापतात. मुलं पहिल्या भागातल्या कोड्यांवर एक तास घालवतात आणि तिथंच हरतात. समुद्रात काम करायचं म्हणून हाच पेपर द्यायला हवा असंही नाही. रसायनवाल्यानं रसायनाचा आणि जीवशास्त्रवालीनं जीवनविज्ञानाचा पेपर द्यावा. फेलोशिप मिळाली की समुद्राच्या संस्थेत तीच चालते. ज्या विषयात पाया पक्का, त्याच विषयातून आत शिरावं. इंजिनिअरांसाठी गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान पेपरात वातावरण आणि महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पैशाचं स्पष्ट बोललेलं बरं. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडं. नेटमधून फेलोशिप नाही जमली तर राज्याच्या सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत. विद्यापीठात पहिले आलात तर केंद्राची इन्स्पायर फेलोशिप आहे. पण पहिला हप्ता जॉईन झाल्याच्या महिन्यात हातात येईल असं गृहीत धरू नका. कागदपत्रं फिरतात, बँकेचं जोडणं राहतं, आणि चार-पाच महिन्यांची रक्कम एकदम जमा होते. गोव्यातल्या संस्थेत जायचं तर खोलीचं डिपॉझिट, मेस आणि येणं-जाणं धरून किमान चार महिन्यांचा खर्च जवळ ठेवून निघावं. ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. मुलींना दोन वर्षं जादा मिळतात आणि प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंत रजा. समुद्रातल्या कामाला तीन वर्षं पुरत नाहीत, पाच धरून चाला. एक ऋतू चुकला की तो पुढच्या वर्षीच येतो.

संस्था कुठल्या? गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, १ जानेवारी १९६६ ला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ सुरू झाली. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला तिची केंद्रं आहेत. तिथली पीएच.डी. बहुतेक करून सीएसआयआरच्या एसीएसआयआर या अकादमीमार्फत होते, प्रवेश वर्षातून दोनदा. ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यातच वास्कोला आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही ठाणी तेच चालवतं. सातारा आणि मिरजेवरून जाणारी गोवा एक्स्प्रेस शेवटी वास्कोलाच थांबते. चेन्नईला महासागर तंत्रज्ञान संस्था, हैदराबादला इन्कॉइस, कोचीत विद्यापीठ आणि सागरी मत्स्यसंशोधन संस्था, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण आणि महासागर विज्ञान केंद्र, मुंबईत वर्सोव्याला मत्स्यशिक्षण संस्था. पुण्याला दोन ठिकाणं आहेत आणि आपल्या मुलांचं तिकडं लक्ष जात नाही. एक म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, जिथं मोसमी पाऊस आणि समुद्र एकत्र अभ्यासतात. दुसरं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, जिथं बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर लाटा सोडून पाहतात. कराडला कोयनेच्या भूकंपांसाठी खोल छिद्रं घेणारी जी प्रयोगशाळा आहे, ती पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचीच, म्हणजे वास्को, चेन्नई, हैदराबादच्या संस्थांची सख्खी बहीण. भूगर्भाच्या विद्यार्थ्यानं आधी तिथं जाऊन गाळ आणि खडकांचे नमुने कसे जपतात ते पाहावं. आणखी एक वाट म्हणजे शिवाजी विद्यापीठासारख्या आपल्या विद्यापीठात नोंदणी करून समुद्रसंस्थेतल्या शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक घेणं. घरची जबाबदारी असलेल्यांना ही बरी पडते, पण दोन्ही मार्गदर्शकांमध्ये नमुने कोणाचे, उपकरण कोणाचं, पेपरवर नाव कोणाचं, हे पहिल्याच महिन्यात लिहून घ्यावं.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना “आदरणीय सर, मला समुद्राची आवड आहे” एवढ्यावर भागत नाही. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले दोन पेपर खरोखर वाचा. पत्र पानभराचं हवं. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, नेट-गेटची स्थिती काय. मग त्यांच्या कामातली कुठली गोष्ट तुम्हाला पुढं न्यावीशी वाटते, ती एका परिच्छेदात. मग तुमच्या हातात काय येतं: टायट्रेशन, सूक्ष्मदर्शक, पायथॉन, बोटीवरचा अनुभव, आणि कधी रुजू होऊ शकता. तेच पत्र पन्नास जणांना पाठवलं की ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. मोहिमेवर गेलेला शास्त्रज्ञ महिनाभर जहाजावर असतो आणि तिथलं इंटरनेट कामापुरतंच असतं. तीन आठवड्यांनी नम्र आठवण करा. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांशी मात्र जरूर बोला. प्रबंधाला किती वर्षं लागली, मोहिमेवर जायला मिळालं का, ताई-दादांना विचारलं की खरं सांगतात.

आता प्रत्यक्ष कामाची चव. जहाजावर एक जड लोखंडी सांगाडा असतो, त्यावर १२ किंवा २४ बाटल्या वर्तुळात बसवलेल्या आणि मधोमध खोली, तापमान, क्षारता मोजणारं यंत्र. तारेनं तो खाली सोडतात, सेकंदाला साधारण एक मीटर. ३,००० मीटर खोल जायला ५० मिनिटं, यायला तेवढीच, वर प्रत्येक बाटली बंद करायचे थांबे. म्हणजे एका जागेला दोन-अडीच तास. सांगाडा डेकवर आला की पळापळ सुरू होते, पण क्रम ठरलेला असतो. आधी वायू. ऑक्सिजन आधी काढायचा, मग कार्बन आणि पीएच, मग पोषकद्रव्यं, शेवटी क्षारता. कारण बाटलीची वरची झडप उघडली की हवा आत शिरते आणि ऑक्सिजन खोटा होतो. मीठ काही पळत नाही.

ऑक्सिजनची विंकलर पद्धत एम.एस्सी.त सगळ्यांनी केलेली असते. १२५ मिलिलिटरची काचेची बाटली, नळी तळापर्यंत घालून पाणी सावकाश भरायचं आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यायचं. नळीत एकही बुडबुडा नको. मग एक मिलिलिटर मँगेनीज क्लोराइड, एक मिलिलिटर अल्कली आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून हलवलं की तपकिरी साका बसतो. पुढं आम्ल, मग थायोसल्फेट, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत. अरबी समुद्रात पृष्ठभागाशी लिटरला २०० मायक्रोमोलच्या आसपास ऑक्सिजन असतो. सुमारे १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत मात्र जगातला एक मोठा ऑक्सिजनदुष्काळी पट्टा पसरला आहे, तिथं तो जवळजवळ शून्य होतो. तिथून आलेल्या पाण्यात साका पांढराच राहतो, आणि पहिल्यांदा तो पांढरा साका पाहणाऱ्याला आपण काहीतरी चुकलो असंच वाटतं. खरी चूक उलटी असते. एक बारीक बुडबुडा अडकला की त्या पाण्यात नसलेला ऑक्सिजन दिसू लागतो. शून्याच्या इतक्या जवळ विंकलर पद्धतही विश्वासाची राहत नाही, खास संवेदक लागतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच पाण्याचे दहा नमुने घेऊन दहाही आकडे एक टक्क्याच्या आत येईपर्यंत हात बसवलात, तर मुलाखतीला सांगण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नाही.

हरितद्रव्य मोजायला पाणी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतू गाळणीतून मंद उजेडात, हलक्या ओढीनं गाळतात आणि ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अंधारात, थंडीत रात्रभर ठेवतात. ओढ जास्त दिली की पेशी फुटतात आणि हरितद्रव्य गाळणीतून निसटतं. प्लवक फॉर्मेलिनमध्ये ठेवला की डीएनए वाया गेला, त्यासाठी अल्कोहोल लागतं. पोषकद्रव्यांचे नमुने गोठवले की सिलिकेटचा आकडा खाली येऊ शकतो, तो वेगळा सांभाळावा. आणि चिठ्ठ्या! मार्करनं लिहिलेलं नाव अल्कोहोलच्या एका थेंबानं जातं. जाड कागदावर शिसपेन्सिलीनं लिहून एक चिठ्ठी बाटलीच्या आत, एक बाहेर. कित्येक महिन्यांची मेहनत अशा पुसलेल्या चिठ्ठ्यांपायी फुकट गेली आहे. किनाऱ्यावर नमुने घेताना आणखी एक जपायचं. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि कांदळवनातल्या कामाला वनखात्याच्या कक्षाची परवानगी लागते. अर्ज मोहिमेआधी सहा महिने करावा. परवानगीविना उचललेला नमुना पेपरात छापता येत नाही.

बोट लागते, घाटावरच्यांना तर पहिले दोन-तीन दिवस हमखास. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, कोरडा पाव किंवा बिस्किट थोडं थोडं खायचं, जहाजाच्या मधल्या भागात राहायचं, क्षितिजाकडं पाहायचं. रिकाम्या पोटी त्रास वाढतो. तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं. काम चार-चार तासांच्या पाळ्यांत असतं, रात्री दोनलाही सांगाडा वर येतो. मुलीला पाठवावं का, हा प्रश्न घरात निघतोच. निघाला तर औंधच्या पंत घराण्यातल्या अदिती पंतांचं नाव सांगावं. एनआयओत काम करणाऱ्या या सागरशास्त्रज्ञ १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. तिथं पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. औंध आपल्या खटाव तालुक्यातलं.

परदेशाबद्दल थोडक्यात. जर्मनीत कील, ब्रेमरहाफेन, ब्रेमेनला पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, जागा वर्षभर निघत राहतात. अमेरिकेत वूड्स होल, स्क्रिप्स या संस्थांचे अर्ज साधारण डिसेंबरात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही लागू आहे.

पण या जुलैत, निकाल आणि जाहिरातींची वाट पाहत असताना करण्यासारखं एक काम आहे, नदीतला गाळ मोजण्याचं. दोरी बांधलेली बादली, एक लिटरची स्वच्छ बाटली, ०.४५ मायक्रॉनचे गाळणकागद आणि कॉलेजातला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा तराजू. गाळणकागद आधी ओव्हनमध्ये वाळवून, शोषकाच्या भांड्यात (डेसिकेटरमध्ये) गार करून वजन करून ठेवा. नदीत उतरायचं नाही, पुलावरूनच बादली सोडायची, प्रवाहाच्या मध्यावर, आणि पाणी बाटलीत ओतण्याआधी बादली हलवत राहायची, नाहीतर जड कण तळाला बसतात आणि गाळ कमी भरतो. पाणी गाळा, पुरात कागद लवकर तुंबतो, तेव्हा शंभर-दोनशे मिलिलिटरच घ्या आणि किती घेतलं ते लिहा. कागद १०५ अंशांना तासभर वाळवा, गार करा, वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या पाण्यातला गाळ. दर वेळी एक कोरा कागद नुसत्या शुद्ध पाण्यानं गाळून तोही तोला, म्हणजे कागदाचीच घट-वाढ कळेल. रोज एक, पूर आला की दिवसातून तीन; पाणी चढताना आणि उतरताना एकाच उंचीला गाळ सारखा नसतो, तो फरक चुकवू नका. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं तारीख, वेळ, किती मिलिलिटर गाळलं ते, आणि शेजारी आयर्विनला पाणी किती फूट.